मॅटरब्रिज बसवताना मराठी गटाने करायचा हिशेब

मुक्त सॉफ्टवेअरचे मराठीकरण करणाऱ्या आमच्या पुण्यातील छोट्या गटाची गप्पांची ठिकाणे तीन आहेत, आणि त्यांपैकी एकही बंद करणे शक्य नाही. जुनी मंडळी आयआरसी या जुन्या, निव्वळ मजकुरी गप्पांच्या पद्धतीवर चालणाऱ्या लिबेरा चॅट या नेटवर्कवर बसतात, कारण मूळ प्रकल्पांचे कित्येक विकासक तिथेच भेटतात. महाविद्यालयांतून नव्याने आलेली मुले डिस्कॉर्डवर असतात. आणि नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी हातभार लावणाऱ्यांचा ग्रुप टेलिग्रामवर आहे. सगळ्यांनी एकाच ठिकाणी यावे, हा प्रस्ताव दर बैठकीत मांडला जातो, एकमताने मंजूर होतो आणि नंतर कोणीही जागचे हलत नाही. तेव्हा माणसे हलवण्याचा नाद सोडून निरोप हलवणारा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, बसवावा, असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

इकडचा निरोप तिकडे पोहोचवणे हा या कामातला सोपा भाग आहे. तेवढे एका संध्याकाळी उरकते. पुढे बराच काळ पुरतो तो निराळाच प्रश्न: जोडलेल्या नेटवर्कांपैकी सर्वांत अरुंद कोणते, आणि त्याच्या अरुंदपणाची झळ कोणी सोसायची? मराठीत लिहिणाऱ्या गटाला या प्रश्नाचे जे उत्तर मिळते ते इंग्रजीत लिहिणाऱ्या गटाच्या उत्तराहून वेगळे असते, कारण अशा साधनांतील आयत्या सेटिंग रोमन अक्षरे गृहीत धरून ठरवलेल्या असतात. या लेखात त्या फरकावरच भर दिला आहे. बाकीची माहिती अधिकृत दस्तऐवजात नीट लिहिलेली आहे आणि ती तिथेच वाचावी.

आम्ही मॅटरब्रिज वापरतो. गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला हा मुक्त प्रोग्राम मुळात मॅटरमोस्ट ही गप्पांची सेवा आणि आयआरसी यांना जोडण्यासाठी जन्मला, त्यावरून त्याचे नाव पडले, आणि पुढे त्यात टेलिग्राम, डिस्कॉर्ड, मॅट्रिक्स, स्लॅक, एक्सएमपीपी अशा इतर गप्पांच्या नेटवर्कांची भर पडत गेली. एकच बायनरी (थेट चालवता येणारी) फाइल, सेटिंगची एकच कॉन्फिग फाइल, डेटाबेस नाही. एवढ्या साधेपणावर मी त्याची निवड केली. दुसऱ्याच्या भरवशावरचा तयार पूल, म्हणजे नेटवर्के जोडणारा असाच बॉट, वापरण्याचा पर्यायही होता, परंतु मॅट्रिक्स आणि लिबेरा यांच्यामधला मोठा सार्वजनिक पूल २०२३ साली बंद झाला तेव्हा त्यावर विसंबलेल्या अनेक गटांची पंचाईत झाली. स्वतःचा बॉट असला की तो बिघडतोही आपल्या हातून आणि दुरुस्तही आपल्याच हातून होतो.

कॉन्फिग फाइल टॉमल या साध्या मजकुरी पद्धतीत लिहायची असते आणि तिचे दोन थर असतात. वरच्या थरात खाती येतात: लिबेराचे एक, टेलिग्रामचे एक, डिस्कॉर्डचे एक, प्रत्येकाखाली सर्व्हरचा पत्ता, पासवर्ड किंवा टोकन (बॉटसाठी पासवर्डसारखी गुप्त ओळ). खालच्या थरात गेटवे येतो, म्हणजे कोणत्या खात्यातले कोणते चॅनल कोणाला जोडायचे त्याची नोंद. गेटवेमध्ये प्रत्येक चॅनलपुढे 'इन', 'आउट' किंवा 'इनआउट' अशी दिशा देता येते, आणि या दिशेकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत. आमच्याकडे अनुवादाच्या नव्या ओळी आल्या की सूचना टाकणारे एक वेगळे चॅनल आहे. ते केवळ 'इन' म्हणून जोडले आहे, त्यामुळे तिथल्या सूचना सर्वत्र जातात, मात्र कोणाचे 'सुप्रभात' त्या चॅनलात जाऊन पडत नाही. (सेटिंगची नावे फाइलमध्ये अर्थातच रोमन लिपीत लिहावी लागतात, इथे ती वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत देत आहे.)

खाती उघडताना प्रत्येक नेटवर्कचा एकेक दरवाजा आपणहून उघडावा लागतो. टेलिग्रामवर बॉटफादर नावाच्या बॉटशी बोलून आपला बॉट तयार करायचा आणि टोकन घ्यायचे, इथवर कोणालाही जमते. पण नव्या बॉटवर गोपनीयतेचा पडदा आपोआप ओढलेला असतो आणि त्याला ग्रुपमधल्या केवळ आज्ञा, त्याचा उल्लेख आणि त्याला दिलेली उत्तरे एवढेच दिसते. बॉटफादरकडे 'सेटप्रायव्हसी' ही आज्ञा देऊन तो पडदा बाजूला करावा लागतो, आणि ग्रुपमध्ये आधीच घेतलेल्या बॉटला एकदा काढून पुन्हा घ्यावे लागते, नाहीतर बदल लागू होत नाही. बॉटला ग्रुपचा ॲडमिन केले तरी त्याला सगळे दिसते, परंतु निव्वळ निरोप्याला एवढा अधिकार देणे मला पटत नाही. ग्रुपचा क्रमांक हा ऋण संख्या असतो, आणि साधा ग्रुप सुपरग्रुप झाला की तो बदलून उणे शंभराने सुरू होणारा नवा क्रमांक मिळतो. ग्रुप व्यवस्थित चालू असताना बॉट अचानक मुका झाला, तर आधी हा क्रमांक तपासावा.

डिस्कॉर्डवर २०२२ च्या सप्टेंबरपासून संदेशाचा मजकूर वाचण्यासाठी बॉटला वेगळी परवानगी लागते. विकासकांच्या पानावर आपल्या बॉटसाठी ती चालू केली नाही, तर बॉट जोडला जातो, लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदींत, सारे काही आलबेल दिसते आणि निरोप मात्र रिकामे येतात. सदस्यांची यादी पाहण्याची परवानगीही तिथेच द्यावी. लिबेराचे काम जुन्या पद्धतीचे आहे: बॉटच्या टोपणनावाची नोंदणी करायची, ६६९७ या पोर्टवरून टीएलएस या कूटबद्ध पद्धतीने जोडायचे आणि एसएएसएल या लॉगिनच्या पद्धतीने ओळख पटवायची. घरच्या इंटरनेटवरून जोडणाऱ्याने एसएएसएल टाळू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

आयआरसीचा जन्म १९८८ चा, फिनलंडमधील औलू विद्यापीठातला. यार्को ओइकारिनेन यांनी ते लिहिले. (आमच्या पुण्यात त्याच वर्षी सी-डॅकची स्थापना झाली, हा निव्वळ योगायोग.) १९९३ मध्ये या प्रोटोकॉलचे जे लिखित नियम झाले त्यांत एका संदेशाची कमाल लांबी ५१२ बाइट ठरवली गेली, आणि ती मर्यादा मूलतः अजून तशीच आहे. या ५१२ मध्ये ओळ संपल्याची खूण, पाठवणाऱ्याचे नाव व पत्ता, चॅनलचे नाव असे सर्व काही धरलेले असते, त्यामुळे प्रत्यक्ष मजकुराला साधारण ४०० बाइट उरतात असे मानून चालतात. मॅटरब्रिजमधल्या 'मेसेजलेंग्थ' या सेटिंगचे आयते मूल्यही ४०० आहे. इंग्रजीत ४०० बाइट म्हणजे ४०० अक्षरे, म्हणजे चांगला ऐसपैस परिच्छेद.

देवनागरीत हिशेब बदलतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि इथे चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे; स्वरचिन्ह वेगळे, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. 'पुणे' या दोन अक्षरांच्या नावात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे होतात आणि १२ बाइट लागतात. 'क्ष' हे एकटे जोडाक्षर ९ बाइट घेते. 'महाराष्ट्र' लिहायला ३० बाइट खर्ची पडतात. ४०० बाइटमध्ये देवनागरीची फार तर १३३ चिन्हे बसतात, म्हणजे सरासरी वीस-बावीस शब्द. बैठकीची वेळ, जागा, तिथे गाडी लावायची सोय आणि येताना काय आणायचे, एवढे सांगणारा कोणताही मराठी निरोप ही मर्यादा ओलांडतो. टेलिग्रामवर एका संदेशात ४०९६ अक्षरे मावतात, डिस्कॉर्डवर २०००. त्या दोन्हीकडे लिहिणाऱ्याला आपण काही फार लांब लिहिले आहे याची जाणीवही होत नाही.

लांब ओळ तोडून पाठवण्याची सोय न लावल्यास मर्यादेपलीकडचा मजकूर हरवण्याचा धोका असतो, आणि मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येत असल्यामुळे तो आपल्याला फार महागात पडतो. 'रविवारची बैठक कर्वे रस्त्यावरच्या नेहमीच्या जागेत' इथे ओळ तुटली तर पुढे 'होणार आहे' होते की 'होणार नाही', हे आयआरसीवरच्या माणसाला कळण्याचा मार्ग उरत नाही. इंग्रजीत वाक्याचे शेपूट कापले गेले तरी मुख्य विधान बहुधा आधीच येऊन गेलेले असते. आपल्याकडे होकार-नकारच शेपटात असतो.

म्हणून 'मेसेजस्प्लिट' हे सेटिंग मराठी गटासाठी ऐच्छिक नाही. ते चालू करावेच लागते. आयआरसीच्या खात्याखाली ते 'ट्रू' केले की लांब निरोप अनेक ओळींत विभागून जातो. विभागताना मॅटरब्रिज एखाद्या चिन्हाचे तीन बाइट मधोमध तोडत नाही, त्यामुळे प्रश्नचिन्हांचे चौकोन दिसत नाहीत. पण शब्द कुठे संपतो याकडे ते पाहत नाही, आणि जोडाक्षर हे त्याच्या दृष्टीने एक एकक नाही. परिणामी पहिल्या ओळीच्या अखेरीस पाय मोडका 'क्' राहतो आणि दुसरी ओळ 'ष'ने सुरू होते. वाचणाऱ्याला अर्थ लागतो, पण शुद्धलेखनावर वाद घालण्यासाठीच जमलेल्या मंडळींसमोर असे काही आले की पुढची दहा मिनिटे त्यातच जातात. टोपणनाव आणि उगमाची खूण यांनाही बाइट लागतात, ते हिशेबातून आधीच वजा करावेत, या मताची मी आहे. आमच्याकडे 'मेसेजलेंग्थ' ३४० ठेवले आहे आणि ते बरे चालते.

तुकडे झाले की वेगाचा प्रश्न येतो. आयआरसीचे सर्व्हर भराभर बोलणाऱ्याला बाहेर काढतात, म्हणून मॅटरब्रिज दोन ओळींमध्ये १३०० मिलिसेकंद थांबते आणि थांबलेल्या ओळींची ३० पर्यंत रांग लावते. रांग भरली की पुढच्या ओळी टाकून दिल्या जातात. इंग्रजीत दोन ओळींत मावणारा निरोप मराठीत पाच-सहा ओळींचा होतो, म्हणजे तीच रांग आपल्याकडे कितीतरी लवकर भरते. एखाद्याने शंभर शब्दांच्या अनुवादाची यादी टेलिग्रामवर एकदम चिकटवली, तर यादीचा उत्तरार्ध आयआरसीला पोहोचणार नाही हे गृहीत धरावे. यावर तांत्रिक इलाज शोधण्याऐवजी आम्ही नियमच केला: दहा ओळींहून मोठे काही असेल तर ते सामायिक दस्तऐवजात ठेवायचे आणि गप्पांत केवळ दुवा द्यायचा. नियम पाळला जातो असे म्हणवत नाही, पण न पाळणाऱ्याला ऐकवता येते.

दुसरी अडचण नावांची. टेलिग्रामवर बहुतेकांनी रोमन वापरकर्तानाव घेतलेले नसते आणि आपले पहिले नाव देवनागरीत लिहिलेले असते, म्हणून 'यूझफर्स्टनेम' चालू करणे सोयीचे पडते. मग ही देवनागरी नावे आयआरसीवर कशी दिसावीत हे 'रिमोटनिकफॉरमॅट' मध्ये ठरवायचे. यासाठी इंटरनेटवर फिरणाऱ्या आयत्या नमुना-फाइली मराठीसाठी दोन ठिकाणी घातक ठरतात. एक म्हणजे 'स्ट्रिपनिक' हे सेटिंग, जे नावातली रोमन अक्षरे आणि अंक वगळता बाकी सगळे पुसून टाकते. 'सुजाता' किंवा 'आनंद' यांच्यापैकी काहीच शिल्लक राहत नाही आणि निरोप निनावी येतो. ते बंदच ठेवावे.

दुसरे ठिकाण अधिक गमतीचे आहे. नमुन्यांत 'नोपिंगनिक' नावाची एक चावी असते; चावी म्हणजे जिच्या जागी मॅटरब्रिज प्रत्यक्ष नाव भरते ती खूण. एकच माणूस आयआरसीवर आणि टेलिग्रामवर त्याच नावाने असेल, तर त्याने टेलिग्रामवर काही लिहिताच त्याच्याच आयआरसीला घंटी वाजते. ती वाजू नये म्हणून ही चावी नावाच्या पहिल्या चिन्हानंतर न दिसणारी, शून्य रुंदीची मोकळी जागा घालते. रोमन नावात ती दिसत नाही. 'आनंद'चेही काही बिघडत नाही, कारण त्याचे पहिले चिन्ह 'आ' आहे आणि दुसरे 'न', दोन्ही स्वतंत्र उभे राहू शकतात. परंतु 'मिलिंद'चे पहिले चिन्ह 'म' आणि दुसरे वेलांटी; त्यांच्यामध्ये जागा शिरली की वेलांटी 'म'पासून सुटते आणि बऱ्याच फॉन्टमध्ये ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली दिसते. वास्तविक या चावीची आपल्याला गरजच नाही. लिबेरावर टोपणनाव देवनागरीत घेताच येत नाही, त्यामुळे देवनागरी नावाने तिथे कोणाची घंटी वाजण्याचा प्रश्न उद्भवत नाही. साधी 'निक' ही चावी वापरावी.

निरोप कुठून आला हे दाखवण्यासाठी 'प्रोटोकॉल' या चावीऐवजी 'लेबल' वापरावे आणि प्रत्येक खात्याला छोटी खूण द्यावी. आमच्याकडे टेलिग्रामला 'टे' आणि डिस्कॉर्डला 'डि' आहे. या खुणा देवनागरीत असूनही ६-६ बाइटांच्याच आहेत, म्हणजे 'टेलिग्राम' हे नाव रोमनमध्ये लिहायला लागणाऱ्या ८ बाइटांपेक्षा कमीच.

उलट दिशेने, म्हणजे डिस्कॉर्डकडे जाताना, नावांचे सुख आहे. 'ऑटोवेबहुक्स' चालू करून बॉटला वेबहुक (दुसऱ्याच्या नावाने निरोप टाकण्याची डिस्कॉर्डची सोय) हाताळण्याची परवानगी दिली की प्रत्येक निरोप लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या नावाने, शक्य तिथे त्याच्या चित्रासह दिसतो, आणि नवख्या मुलांना मध्ये बॉट आहे हे जाणवतही नाही. हे जाणवू नये की जाणवावे, याबद्दल आमच्यात दोन मते आहेत. जाणवावे, असे मला वाटते. त्याचे कारण पुढे येईलच.

संदेश सुधारण्याच्या आणि पुसण्याच्या बाबतीत तिन्ही नेटवर्कांचे स्वभाव जुळत नाहीत. टेलिग्रामवर किंवा डिस्कॉर्डवर कोणी लिहिलेले सुधारले, तर आयआरसीवर जुनी ओळ तशीच राहून सुधारलेली ओळ नव्याने येते, तिच्या अखेरीस 'एडिटसफिक्स' मध्ये दिलेली खूण लागते. आमची खूण '(दुरुस्त)' अशी आहे. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सुधारण्यासाठी अख्खा परिच्छेद पुन्हा पाठवला जातो आणि तो पुन्हा पाच ओळींत तुटतो, हे लक्षात आल्यावर काही मंडळी पाठवण्यापूर्वी वाचू लागली आहेत. उत्तर देताना मूळ निरोपाचा उतारा सोबत जातो, तोही बाइट खातो. 'कोटलेंग्थलिमिट' लावून तो आखूड करावा.

पुसण्याबद्दल मात्र गांभीर्याने बोलले पाहिजे. डिस्कॉर्डवर पुसलेला संदेश पुसला गेल्याचे बॉटला कळते. टेलिग्राम आपल्या बॉटना ग्रुपमधला संदेश पुसला गेल्याची वार्ताच देत नाही, त्यामुळे टेलिग्रामवर मागे घेतलेले वाक्य डिस्कॉर्डवर राहते. आणि आयआरसीवर तर पुसण्याची संकल्पनाच नाही. जो तिथे हजर होता त्याच्या संगणकावरच्या लॉगमध्ये ते वाक्य गेले ते गेले. आपण तीस ओळखीच्या लोकांत बोलतो आहोत असे समजून टेलिग्रामवर कोणी आपला फोन क्रमांक किंवा नोकरीतली तक्रार लिहिली, तर ती एका सार्वजनिक चॅनलात उमटते, जिथे कोणीही येऊन बसू शकतो. म्हणूनच पूल आहे हे जाणवत राहावे, असे मी म्हणते. ग्रुपच्या वर्णनात आणि पिन केलेल्या संदेशात हे स्पष्ट लिहिले आहे, नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते, आणि न जोडलेला असा एक वेगळा टेलिग्राम ग्रुप खासगी बोलण्यासाठी ठेवला आहे.

चित्रांनाही तेच लागू. आयआरसीवर चित्र जात नाही. मॅटरब्रिज ते आपल्या फोल्डरात उतरवून घेते आणि दुवा पाठवते, त्यासाठी ते फोल्डर एखाद्या वेबसर्व्हरवरून दाखवण्याची व्यवस्था आपल्याला करावी लागते. 'मीडियाडाउनलोडसाइज' ची आयती मर्यादा १० लाख बाइट, म्हणजे सुमारे १ एमबी आहे. टेलिग्राम फोटो आकसून पाठवते तोवर ते बहुधा त्यात बसतात. कोणी मूळ फाइल म्हणून पाठवला की तो अडतो. मी ही मर्यादा वाढवली नाही. स्क्रीनशॉट दिसले म्हणजे आमचे काम भागते, आणि त्या फोल्डरातल्या फाइली ठराविक काळाने आपोआप पुसल्या जातील असे एक टायमर लावले आहे.

शिस्तीच्या बाबतीत पुलाचा एक विचित्र परिणाम होतो. आयआरसीच्या दृष्टीने टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवरची सगळी माणसे मिळून एकच टोपणनाव असते, ते म्हणजे आपला बॉट. टेलिग्रामवरच्या एका उपद्रवी खात्यामुळे वैतागून आयआरसीवरच्या चालकाने बंदी घातली, तर ती सर्वांवर लागू होते. म्हणून आमच्या आयआरसी चालकांशी आधीच बोलून ठेवले आहे की तक्रार असेल तर नाव कळवा, बंदी घालू नका. तो माणूस मूळ ठिकाणी काढला जातो आणि तोवर 'इग्नोअरनिक्स' मध्ये त्याचे नाव टाकले जाते. एकाच चॅनलावर दोन वेगवेगळे पूल कधीही बसू देऊ नयेत. प्रत्येक बॉट आपले स्वतःचे निरोप ओळखून सोडून देतो, परंतु दुसरा बॉट त्याला साधा माणूस वाटतो, आणि मग एक 'नमस्कार' दोघांमध्ये सर्व्हर हाकलून देईपर्यंत फिरत राहतो.

पुण्यात कोणाला या बॉटबद्दल सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: व्हॉट्सॲप का नाही? सोसायटी, शाळा, भाजीवाला सगळे तिथे असताना हा प्रश्न रास्त आहे. मॅटरब्रिजमध्ये ती सोय आहे, पण परवान्याच्या अडचणीमुळे ती तयार बायनरीत येत नाही, प्रोग्राम मूळ कोडपासून स्वतः बिल्ड करावा लागतो. त्याहून मोठी अडचण अशी की ती जोडणी अनधिकृत आहे. बॉट कोणाच्या तरी खऱ्या फोन क्रमांकाला जोडलेले आणखी एक उपकरण म्हणून वावरतो, आणि तो क्रमांक कायमचा बंद होण्याची जोखीम त्या माणसाने घ्यायची असते. शिवाय दोन टोकांमधली कूटबद्धता पुलापाशी संपते, कारण पुलाला मजकूर वाचल्याशिवाय पुढे पाठवता येत नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याने मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपवर इतर सेवांशी जुळवून घेण्याचे बंधन आले, परंतु त्याचा लाभ कोथरूडमध्ये बसून घेता येत नाही. आम्ही व्हॉट्सॲप जोडले नाही आणि जोडणार नाही.

बॉट माझ्या घरी रास्पबेरी पाय या एका छोट्या संगणकावर चालतो. भाड्याचा सर्व्हर घ्यावा असे सुचवणारे बरेच आहेत, आणि त्यांचे म्हणणे विशेषतः गुरुवारी पटते. गुरुवार हा आमच्या भागात देखभालीसाठी वीज घालवण्याचा वार आहे. वीज परत आली की पाय अर्ध्या मिनिटात उभा राहतो, राउटरला इंटरनेट मिळायला मात्र तीन-चार मिनिटे लागतात. सुरुवातीलाच एखादे नेटवर्क जोडता आले नाही, तर मॅटरब्रिज थांबून न राहता बंद पडते. सिस्टिमडी या लिनक्सवर सेवा चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये 'रीस्टार्ट' ला 'ऑलवेज' लिहून निश्चिंत राहणाऱ्यांना इथे धक्का बसतो, कारण सिस्टिमडी आयत्या सेटिंगनुसार एक दशांश सेकंदात सेवा पुन्हा सुरू करते, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करूनही ती पडली तर प्रयत्न सोडून देते. नेट येईपर्यंत बॉटला मृत घोषित केलेले असते. 'रीस्टार्टसेक' ला ३० सेकंद दिले की हा गुंता सुटतो: दर अर्ध्या मिनिटाला एक प्रयत्न होतो, पाचाची मर्यादा कधी गाठलीच जात नाही, आणि नेट आल्यावरच्या पहिल्या प्रयत्नात बॉट तिन्हीकडे हजर होतो. पायच्या घड्याळाला बहुधा स्वतःची बॅटरी नसल्याने लॉगमधल्या पहिल्या काही नोंदींवर वीज गेली तेव्हाची वेळ दिसते. तिकडे दुर्लक्ष करावे.

कॉन्फिग फाइलमध्ये तिन्ही नेटवर्कांचे टोकन आणि पासवर्ड उघडे लिहिलेले असतात, त्यामुळे ती फाइल वाचण्याचा अधिकार केवळ बॉट चालवणाऱ्या खात्याला द्यावा आणि कोणाला नमुना म्हणून पाठवताना टोकन काढून पाठवावी. बदल करून पाहण्यासाठी टेलिग्रामवर दुसरा बॉट, दुसरे टोकन आणि प्रत्येक नेटवर्कवर एकेक रिकामे चॅनल ठेवावे. एकाच टोकनवर दोन प्रती चालू राहिल्या, एक पायवर आणि एक लॅपटॉपवर, तर टेलिग्राम ४०९ क्रमांकाची त्रुटी देऊन दोघांनाही आळीपाळीने तोडत राहते, आणि ग्रुपमध्ये काही निरोप पोहोचतात, काही पोहोचत नाहीत. निरोप असे अधूनमधून गळू लागले, तर कॉन्फिग फाइल उघडण्याआधी लॉगमध्ये ४०९ शोधावा.